जाहिरातीतलं टक्कल आणि माझ्या खुर्चीतलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या ठाणे पुरवणीत अर्धं पान जाहिरात होती. टक्कल जाणार, शंभर टक्के गॅरंटी, शेजारी 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. माझं ठाणे पूर्वेला, कोपरीत सलून आहे, एकतीस वर्षं झाली. दुकानात आपलाच पेपर येतो. त्या दिवशी चार गिऱ्हाइकांनी ते पान माझ्यापुढे धरून विचारलं, "काय हो, खरं असतं का हे?" चौघांना चार वेळा सांगून झालं, म्हटलं आता एकदाच लिहून काढू.

मी डॉक्टर नाही. पण माणसाला स्वतःची टाळू दिसत नाही, ती मला रोज दिसते. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्वचेचे डॉक्टर बसतात. त्यांचे केस मीच कापतो आणि कापताना प्रश्न विचारतो. पुढचं बरंचसं त्यांच्याकडून ऐकलेलं आणि खुर्चीत पडताळून पाहिलेलं आहे.

ठाण्यात गणपतीच्या आगेमागे डेंग्यू-टायफॉइडचे ताप असतात. दिवाळी उलटून थोडे दिवस गेले की तीच माणसं माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "नुसता हात फिरवला तरी मूठभर केस येतात." त्यांना तापाची आठवणही नसते. डॉक्टरांचा हिशेब असा: डोक्यावर साधारण लाखभर केस. दहातले नऊ वाढत असतात, उरलेले विश्रांतीत. ही विश्रांती तीनेक महिन्यांची, मग तो केस गळतो आणि खालून नवा येतो. म्हणून रोजचे पन्नास ते शंभर केस गळणं हे हिशेबातलंच. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण किंवा लग्नाआधी उपाशी राहून वजन उतरवणं असं काही झालं, की शरीर एकदम पुष्कळ केस विश्रांतीला पाठवतं. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा माणूस ठणठणीत झालेला असतो. २०२१ मध्ये एप्रिल-मे महिन्यांत कोविड झालेल्यांची डोकी मी जुलै-ऑगस्टमध्ये पाहिली आहेत. दिवसातून तीनदा झाडू मारावा लागायचा.

आमच्याकडे बायका म्हणतात, बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात. सुनेच्या वेळी आमच्या घरीही हेच चाललं होतं. मला हसू यायचं, पण हिशेब लावला तर आपल्या आज्यांनी महिना बरोबर टिपला होता. बाळ ओळखून हसतं तेही साधारण त्याच सुमाराला. फक्त दोष बिचाऱ्या बाळावर गेला.

हल्ली दोष पाण्यावर जातो. घोडबंदरच्या टॉवरमधून येणारी मुलं सांगतात की टँकरचं पाणी आहे, बोअरचं आहे, म्हणून केस गेले. जड पाण्यानं केस खरखरीत होतात, तुटतातही, पण कपाळ वर सरकत नाही. आणि ज्या नव्या मुंबईत घरोघरी मोरबे धरणाचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी येतं, तिथली माणसंही मला टकली दिसतात. बुलडाण्याचं आठवत असेल. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस काही दिवसांत झडले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. शरीराला सेलेनियम कणभर लागतं, जास्त झालं की तेच केस घालवतं. 'केसांसाठी' म्हणून मनानं गोळ्या खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता त्या फोटोंबद्दल. माझ्याकडे चोवीस वर्षांचा एक कारागीर आहे. जूनमध्ये त्याला टायफॉइड झाला, सप्टेंबरात केस गळायला लागले. मी म्हटलं वर जाऊन दाखव. तो ऐकतोय कसला? जाहिरात बघून एका केंद्रात गेला. तिथे पांढरा कोट घातलेल्या मुलीनं स्क्रीनवर त्याची टाळू मोठी करून दाखवली, आणि तो चाळीस हजारांच्या पॅकेजवर सही करून आला, हप्त्यानं. तुला काही आजार झाला होता का, हे कुणी विचारलं नाही. रक्त तपासलं नाही. फेब्रुवारीपर्यंत डोकं पुन्हा भरलं. वरचे डॉक्टर म्हणाले, "काही केलं नसतं तरी भरलं असतं." तापानंतरची गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. तोवर जो कुणी तेल चोळेल, श्रेय त्याचं. म्हणजे 'आधी' आणि 'नंतर' हे दोन्ही फोटो अगदी खरे असू शकतात, आणि तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. दहा वर्षांपूर्वी कमिशनवर तेलाच्या बाटल्या मी विकल्या आहेत. आणि 'चकोट केलं की केस दाट येतात' हे खोटं आहे हे माहीत असून जावळाचे आणि चकोटाचे पैसे घेतले आहेत. वस्तऱ्यानं केसाचं टोक बोथट होतं म्हणून तो जाड वाटतो, एवढंच. मूळ कातडीच्या आत असतं, तिथवर वस्तरा पोचत नाही.

पुरुषांचं नेहमीचं टक्कल हे वेगळं प्रकरण. ते आपोआप भरत नाही. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्या मुळांना ते सोसत नाही, तिथे येणारा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड निघतो. हा गुण आई आणि बाप दोघांकडूनही येतो, नुसतं आजोळकडे बोट दाखवू नये. मागची आणि कानांवरची मुळं मात्र चिवट, म्हणून पूर्ण टकल्या माणसाच्या मानेवरही माझी कात्री चालते. यावर अभ्यासात टिकलेली औषधं मोजकीच आहेत. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती खाणाऱ्यांच्या अंगावर केस यायला लागले, तेव्हा तिचं लोशन झालं. लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात आणि बरेच लोक तिथेच घाबरून सोडतात. गुण कळायला चार-सहा महिने जातात, आणि लावणं बंद केलं की आलेलं परत जातं. दुसरी फिनास्टेराइडची गोळी. ती डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको, कारण काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, आणि गरोदर बाईनं तर फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. बायकांचा भांग रुंद होत असेल तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासावं, असं डॉक्टर म्हणतात. घट्ट वेणी-अंबाडा सैल करायला तर पैसेही लागत नाहीत.

चाई पडली की गिऱ्हाईक माझ्या वस्तऱ्यावर घसरतं. नाण्याएवढा गुळगुळीत गोल डाग असेल तर ती कुणाकडून लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते. कांदा-लसूण चोळून कातडी भाजून घेऊ नका, त्यावर डॉक्टरांकडे इंजेक्शनं आहेत. लहान मुलाच्या डोक्यावर कोंड्यासारखी पापुद्री आणि तुटके केस दिसले तर मात्र ते गजकर्ण असू शकतं. ते पसरतं, आणि त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. अशा मुलाला मी मशीन लावत नाही. आईबाप रागावतात, रागावू देत.

केस बसवण्याच्या शस्त्रक्रियेचं सांगायलाच हवं. मागच्या चिवट मुळांची पुढे लावणी, हे शास्त्र खरं आहे. पण आमच्या धंद्यातली दोन पोरं 'टेक्निशियन' म्हणून अशा ठिकाणी लागली आहेत. हात चांगला आहे, एवढीच त्यांची पात्रता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून हे काम सुरू करता येत नाही, त्याला प्रशिक्षित डॉक्टरच लागतो. जुन्या काळी आमचे लोक गळवं फोडायचे हे मला माहीत आहे. भुलीचं इंजेक्शन उलटलं तर काय करायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि या पोरांनाही नाही.

ज्यांना खासगी तपासणी परवडत नाही त्यांना मी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात पाठवतो. रांग असते, पण पॅकेज नसतं.

शेवटी आपल्यासाठी. ठाणे कोर्टात वकिली करणाऱ्या एका गिऱ्हाइकानं मला दाखवलं की १९४५ च्या औषध नियमांत 'शेड्यूल जे' नावाची यादी आहे. त्यातले आजार बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधानं करायचा नाही. त्यात टक्कल आहे, नवे केस उगवणं आहे, अकाली पिकणंही आहे. म्हणूनच जाहिरातवाले औषध हा शब्द टाळून 'थेरपी' म्हणतात. पुढच्या वेळी असं अर्धं पान आलं, तर छापण्याआधी आपल्या जाहिरात विभागानं एवढंच विचारावं, की गॅरंटी कशाची, आणि केस कशानं गेले होते ते तपासलं का?

माझ्या कारागिराचा फोटो त्या केंद्राच्या भिंतीवर लागला आहे म्हणे. त्याचे चार हप्ते अजून बाकी आहेत.

आपला,
एक सलूनवाला
कोपरी, ठाणे (पूर्व)