‘डुकरीच्या शेपटी’ची मराठी पुस्तिका : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाचा रेल्वे गट चार वर्षं दक्षिण जर्मनीतल्या वुटाख खोऱ्यातल्या गाडीमागे लागला आहे, हे आपण जाणताच. ब्लुमबर्ग ते वायत्सेन सरळ अंतर जेमतेम साडेनऊ किलोमीटर, रूळ मात्र २५ किलोमीटर! स्वित्झर्लंडच्या शाफहाउजनला न शिवता लष्कराच्या गाड्या नेता याव्यात म्हणून १८८७ ते १८९० मध्ये हा मधला टप्पा बांधला. जड गाड्यांना १०० ला १ पेक्षा जास्त चढ नको, म्हणून रूळ वेटोळी घेत गेले आणि लोकांनी नाव ठेवलं ‘झाउश्वेन्त्सले’, डुकरीची शेपटी. (आपल्या बोर घाटात ३७ ला १ चढ, मागून ढकलायला जादा इंजिनं लावायचे!) या टप्प्यावरची प्रवासी गाडी १९५५ मध्ये थांबली, १९७६ मध्ये मार्गच बंद झाला. पुढच्याच वर्षी हौशी मंडळींनी तिथे वाफेची गाडी आणली. वरच्या अंगाला ब्लुमबर्गच्या त्सोलहाउस स्थानकापर्यंत २००४ पासून रोजची गाडीही येते.

पहिली सहल आठवते? एप्फेनहोफेन मागे पडलं म्हणून आजींनी शेंगदाण्याच्या वड्यांचा डबा उघडला, तोच ते गाव पुन्हा खिडकीत हजर! त्याच आजींनी पुढे दिवाळीत चकल्या विकून आलेले सगळे पैसे गटाला दिले. त्यातून गणपतीतले बारा फलक झाले. आपल्या माजी अध्यक्षांनी दोन हिवाळे बसून जुनी जर्मन वेळापत्रकं मराठीत उतरवली; स्कॅनर उल्मच्या दांपत्याने दिला, तोही नाव न लावण्याच्या अटीवर. यांचे उपकार फिटायचे नाहीत.

लिहायला संकोच वाटतो, पण गेल्या गणपतीत फलकांपुढे सेल्फी शंभरावर निघाले आणि पेटीत पस्तीस युरो. असो.

पुस्तिका मे महिन्याच्या सहलीआधी हवी. ४८ पानं, ३०० प्रती, खर्च ९०० युरो, जमा ३४०. छापखान्याचा दर महिनाअखेरपर्यंतच. रक्कम खजिनदारांकडे किंवा मंडळाच्या नेहमीच्या खात्यात, ‘शेपटी’ असा उल्लेख करून; मुद्रितं तपासायला दोघं हवेत, शनिवारी दुपारी, चहा आमचा. रोख देणाऱ्यांनी पाकिटावर नाव घालावं, मागची दोन पाकिटं कुणाची ते अजून कळलेलं नाही.

आपला,
सचिव