परवाना कंपनीला आहे, पण दोर धरणाऱ्याचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात दोनच प्रकारच्या बातम्या येतात, एक म्हणजे अमुक धबधब्यावर जमावबंदी आणि दुसरी म्हणजे तमुक किल्ल्यावर ट्रेकर दरीत पडला. आणि मग पुढच्या चार दिवसांत वाचकांची पत्रं, की ट्रेक लीडरला लायसन्स सक्तीचं करा. मागणी बरोबर आहे, माझा विरोध नाही, उलट मी गेली बरीच वर्षं सह्याद्रीत भटकतोय आणि हेच म्हणतोय, पण लायसन्स नक्की कुणाला द्यायचं यावर कुणी बोलतच नाही म्हणून हे पत्र.

आपल्याकडे नियम नाहीतच असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. हायकोर्टात जनहित याचिका झाली, 2018 च्या जुलैमध्ये क्रीडा खात्याने साहसी उपक्रमांच्या सुरक्षेचा जीआर काढला, त्याच्यावर गिर्यारोहण संस्थांनी आरडाओरडा केला (काही मुद्द्यांवर बरोबरच केला), मग विषय पर्यटन खात्याकडे गेला आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे, जमीन, पाणी, हवा अशा तिन्ही प्रकारच्या ॲक्टिव्हिटीसाठी मार्गदर्शक सूचना आहेत, लीडर ट्रेन्ड असावा वगैरे पण लिहिलंय. पण नोंदणी होते कुणाची, तर आयोजकाची. म्हणजे ग्रुपची, कंपनीची. प्रत्यक्ष रॉकपॅचवर, म्हणजे कातळाच्या अवघड टप्प्यावर, वर उभा राहून जो पोरगा दोर धरतो त्याच्या खिशात स्वतःच्या नावाचं सरकारी काही नसतं. एसटीला परमिट आहे म्हणून ड्रायव्हरचं लायसन्स बघायचंच नाही असं आपण कधी म्हणतो का? इथे नेमकं तेच चाललंय.

गेल्या पावसाळ्यात माझी भाची अशाच एका ग्रुपबरोबर नाशिककडच्या एका किल्ल्यावर गेली होती. ग्रुपचं नाव लिहीत नाही, त्यांच्या पीडीएफमध्ये नोंदणीचा उल्लेख व्यवस्थित होता, लोगो होता, काय आणायचं त्याची यादी होती, सगळं चकाचक. सोबतचा लीडर म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, स्वभावाने चांगला, गाणीबिणी म्हणणारा, पण पाठीवरच्या सॅकमध्ये दोर कुठला तर हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो तो पिवळा नायलॉनचा. तो त्याने कातळटप्प्यावरच्या एका जुन्या खिळ्याला बांधला आणि पन्नासेक लोकांना म्हणाला धरा आणि या. कमरेला हार्नेसचा पट्टा नाही, बिले नाही, म्हणजे कुणी घसरला तर दोराने रोखून धरणारं कुणी नाही. उतरताना एका मुलीचा पाय मुरगळला तर फर्स्ट एडच्या डब्यात क्रेप बँडेज संपलेलं, रिकामा कागद तेवढा होता. शेवटी पायथ्याच्या वाडीतली दोन पोरं वर आली, त्यांनी बांबू आणि चादरीची झोळी केली आणि तिला खाली आणलं. त्या दोघांना ग्रुपने शंभर-शंभर रुपये दिले म्हणे. आता सांगा, या सगळ्यात गाईड कोण होतं?

त्या लीडरवर माझा राग नाही, कारण असल्या पोरांना दिवसाला पाचशे-सातशे, जेवण आणि फुकट ट्रेक एवढंच मिळतं असं ऐकतो, शिकवलेलं कुणी काही नसतं, आणि उद्या काही झालं तर पोलीस पहिले त्यालाच उचलणार. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, तिच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जुन्या दंड संहितेच्या 304 अ मध्ये दोन वर्षं होती. म्हणजे कायद्याला ट्रेक लीडर नावाचा माणूस पहिल्यांदा दिसतो तो कुणीतरी मेल्यावर, त्याआधी नाही! आणि ते फॉर्मवर सही घेतात ना, की माझ्या जबाबदारीवर येतोय, त्याने फौजदारी केस टळत नाही, हे त्या बिचाऱ्या पोरांना कुणी सांगतच नाही.

आता दुसरीकडे काय करतात ते बघू. आपले लोक टूरवाल्यांबरोबर स्वित्झर्लंडला इंटरलाकेनला जातात, तिथे जवळच साक्सेटबाख नावाचा ओढा आहे. 1999 च्या जुलैमध्ये तिथे कॅनियनिंगला, म्हणजे ओढ्याच्या घळीतून उड्या मारत, दोराने उतरत जायला, गेलेल्या ग्रुपवर वरून अचानक लोंढा आला आणि 21 जण गेले, त्यात तीन गाईडसुद्धा होते. त्यानंतर त्यांनी काय केलं, ओढ्यावर कायमची जमावबंदी नाही लावली, कायदा केला. वेळ घेतला, 2010 ला पास झाला आणि 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला, पण केला तो नीट. त्यात कंपनीलाही सर्टिफिकेट लागतं आणि माउंटन गाईडला स्वतःच्या नावाचा वेगळा परवाना, तो चार वर्षांचा, पुढे रिन्यू करायचा, आणि 50 लाख फ्रँकचा लायबिलिटी इन्शुरन्स दाखवल्याशिवाय काम नाही.

फ्रान्समध्ये तर पैसे घेऊन कुणाला डोंगरात न्यायचं असेल तर डिप्लोमा आणि प्रोफेशनल कार्ड पाहिजेच, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद आणि 15,000 युरोपर्यंत दंड. गाईड व्हायचं म्हणजे आधी स्वतः केलेल्या चढाईंची लांबलचक यादी द्यायची, मग प्रवेश परीक्षा, मग आल्प्समधल्या शामोनी गावच्या सरकारी संस्थेत काही वर्षांचं ट्रेनिंग. आणि डिप्लोमा मिळाला म्हणजे जन्मभराचा सुटला असंही नाही, ठराविक वर्षांनी परत रिफ्रेशर. पण मला त्यांचं सगळ्यात जास्त पटलं ते वेगळंच. त्यांनी दोन पायऱ्या केल्यात. बर्फ, हिमनदी, दोराचं काम असेल तर पूर्ण गाईड, आणि नुसता मधल्या उंचीचा डोंगर, पायवाट, जंगल असेल तर त्याचा वेगळा, तुलनेने सोपा डिप्लोमा. त्या दुसऱ्या माणसाने हिमनदीवर जायचं नाही, दोर काढायचा नाही, सरळ हद्द आखून दिलीय.

आपल्याला हेच तर हवंय ना. राजमाचीच्या सोप्या वाटेने पन्नास लोक घेऊन जाणाऱ्याला आणि हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या अवघड वाटेने नेणाऱ्याला एकच नियम लावला तर एक तर पहिला उगाच भरडला जाईल नाहीतर दुसरा फुकट सुटेल. सांधण दरीत रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, करवणाऱ्याला अँकर, म्हणजे दोराचा कातळातला आधार, बांधता येतो का, अडकलेल्या माणसाला दोरावरून सोडवता येतं का हे कुणीतरी डोंगरावर उभं राहून तपासलंच पाहिजे, ऑनलाइन फॉर्म भरून ते कळणार नाही.

इथे काही जण म्हणतील की मग बेसिक कोर्स सक्तीचा करा, झालं. बीएमसी, म्हणजे बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स, केलेल्यांबद्दल मला आदर आहे, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (एचएमआय) इथला साधारण 28 दिवसांचा तो कोर्स माणसाला घडवतो यात वाद नाही. पण तो शिकण्याचा कोर्स आहे, दुसऱ्याला न्यायचा नाही. ए ग्रेड मिळाली तर ॲडव्हान्स कोर्स, त्यात परत ए मिळाली तर एमओआय, म्हणजे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, शिकवायचं कसं ते तिथे येतं. इन्स्टावर बायोमध्ये बीएमसी ए ग्रेड लिहिलं की लोकांना वाटतं झाला गाईड. तो परवाना नाही. आणि शिवाय बर्फात शिकलेलं सगळं आपल्या निसरड्या पावसाळी कातळावर, कारवीच्या रानात, धुक्यात चुकलेल्या वाटेवर तसंच्या तसं लागू पडतं असंही नाही. जगभरच्या माउंटन गाईडांची जी संघटना आहे तिच्यात नेपाळ 2012 पासून आहे, भारत अजून नाही, म्हणजे आपल्याकडे त्या दर्जाचा गाईड घडवणारी पूर्ण व्यवस्थाच उभी नाही. हिमालयातही त्याचे परिणाम दिसतात, 2024 च्या जूनमध्ये सहस्त्रतालच्या ट्रेकवर कर्नाटकातून गेलेल्या, गाईड धरून 22 जणांच्या ग्रुपमधले नऊ जण खराब हवामानात गेले, गुन्हा दाखल झाला, पण झाला तो नंतर.

आता गिर्यारोहण क्लबवाल्यांचा राग. ते म्हणतात आम्ही हौसेने पोरांना डोंगर दाखवतो, नफा घेत नाही, आम्हाला कशाला लायसन्स? मुद्दा चुकीचा नाही, लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या टीम रात्री-बेरात्री रेस्क्यूला धावतात त्या सगळ्या या हौशी परंपरेतूनच आल्यात, आणि त्यांच्यामागे कागदांचा ससेमिरा लावला तर नुकसान आपलंच आहे. फ्रान्सचा कायदा इथे सरळ रेघ ओढतो, मोबदला घेतला तर डिप्लोमा, नाहीतर नाही. ती रेघ आपणही ओढावी. फक्त मग ‘कॉन्ट्रिब्युशन’ या गोंडस नावाखाली दर शनिवारी तीन-तीन बस भरून नेणाऱ्यांनी आम्ही नो प्रॉफिट नो लॉस आहोत असं सांगू नये, हिशोब बघितला की कोण हौशी आणि कोण धंदेवाला ते कळतंच.

आणि राहिला तो वाडीतला माणूस. मला खरी भीती याची आहे की उद्या सरकारने लायसन्स आणलं तर ते इंग्रजीतल्या लेखी पेपरवर, पंचवीस-तीस हजारांच्या कोर्सवर आणि ग्रॅज्युएशनच्या अटीवर आणतील, पुण्या-मुंबईची पोरं ते सहज काढतील, आणि पाचनई, बेलपाडा, साम्रद अशा पायथ्याच्या गावांतला जो माणूस लहानपणापासून तिथल्या नाळेने, म्हणजे डोंगरातल्या घळीच्या वाटेने, गुरं घेऊन चढलाय, ढग कुठून आले की ओढा किती वेळात भरतो हे ज्याला ठाऊक आहे तो बेकायदेशीर ठरेल. शामोनीत याच्या उलट झालं होतं. तिथे सुरुवातीचे गाईड कोण होते, तर डोंगरात स्फटिक शोधणारे आणि शिकार करणारे गावकरी, 1786 मध्ये तिथलं माँ ब्लाँ शिखर पहिल्यांदा चढणाऱ्या दोघांपैकी एक असाच स्फटिकवाला होता. 1820 मध्ये एका मोहिमेत तीन गाईड हिमप्रपातात गेले, त्यानंतर 1821 मध्ये गावातल्या गाईडांनी आपली संघटना उभी केली, नियम केले, आणि ती अजून चालू आहे. गाईडगिरी तिथे गावातून सुरू झाली आणि कायदा मागून आला.

म्हणून आपल्याकडेही परीक्षा मराठीत घ्या, तोंडी घ्या, डोंगरावर घ्या. वाट ओळखणं आणि हवामान यात गावचा माणूस आपोआप पास होईल, त्याला प्रथमोपचार आणि दोराचं काम शिकवायचं, तेही सरकारी खर्चाने, आणि शहरातल्या लीडरला दोर येत असेल तर वाट आणि पाणी शिकायला त्याच माणसाकडे पाठवायचं. कार्डावर फोटो, कुठल्या पायरीपर्यंतची परवानगी आणि कधीपर्यंत, एवढं असलं तरी पुरे, म्हणजे माझ्या भाचीसारखी पोरगी बसमध्ये चढताना लीडरला म्हणू शकेल की दादा, कार्ड दाखव.

पर्यटन संचालनालय या धोरणात कधी सुधारणा करेल तेव्हा समिती नेमणारच, आपल्याकडे समितीशिवाय काही होत नाही. त्या समितीत संस्थांचे अध्यक्ष आणि निवृत्त अधिकारी असतीलच, पण निदान दोन-तीन वाटाडे बारी, पाचनई किंवा साम्रदसारख्या पायथ्याच्या गावांचे घ्या, आणि मिटिंगचा दिवस पावसाळ्यातला शनिवार-रविवार ठेवू नका, ते त्यांच्या कमाईचे दिवस असतात.

आपला,
एक जुना भटक्या, डोंबिवली