मामा, वेल्डिंगला नाही म्हणालात म्हणून

अक्कलकोट रोडच्या मिस्त्री मामांना साष्टांग नमस्कार.

परवा रात्री मंद्रूपकडं दणकून पाऊस झाला. सकाळी आण्णांची जीप घेऊन रानात गेलो. आमची काळी माती तुम्हाला ठाऊक आहे, चार पावलं टाकली की चपलेला किलोभर चिकटते. ओढ्याच्या चढाला उजवं मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. तुम्ही सांगितलं होतं तसा ब्रेकवर हलका पाय ठेवला. डाव्या चाकानं जमीन धरली आणि फोर-व्हील न टाकता गाडी वर आली. बांधावर उभी करून तुम्हाला फोन लावला, तुम्ही उचलला नाही. म्हणून हे पत्र.

विलीसनं १९५३ साली काढलेलं आणि पुढं महिंद्रानं आपल्याकडं बनवलेलं हे उंच बॉनेटचं सीजे-थ्रीबी मॉडेल. तिच्या मागच्या डाना ४४ एक्सलच्या डिफरन्शियलमध्ये पॉवरलॉक, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारी प्लेटींची जुळणी, आण्णांनी कुठून मिळवून बसवली, ते त्यांच्याबरोबरच गेलं. एका ठिकाणी साधं गिअर ऑइल भरून दिलं, तर प्रत्येक वळणावर मागून कटकट. दुसरीकडं सल्ला मिळाला, आतली गिअरं वेल्डिंगनं जाम करून टाका, स्वस्तात काम होईल. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

तुम्ही नाही म्हणालात. "वळताना बाहेरच्या चाकाला जास्त वाट कापायची असते. दोन्ही एक करून टाकली तर डांबरीवर टायर तरी खाईल, नाहीतर एक्सल तरी मोडेल. बापानं जपलेली गाडी आहे, असं करू नको." मामा, त्या एका वाक्यासाठी मी तुमचा आयुष्यभर ऋणी आहे.

पुलर लावून हब ओढला, बेअरिंगच्या कॅपांवर जागा ओळखायला ठिपके मारले, आणि मग तुम्ही जुनी सोलापुरी चादर अंथरून एकेक प्लेट निघाली त्याच क्रमानं तिच्यावर मांडलीत. माझं बोट धरून नख प्लेटीवरून फिरवलंत. नव्या प्लेटीला तेल धरायला बारीक चरे असतात, आमच्या आरशासारख्या गुळगुळीत. मायक्रोमीटर नंतर आला, पण मला खरं कळलं ते नखानंच. प्लेटींचे कान ज्या खाचांत बसतात तिथं पायरी पडली होती. ती तुम्ही कानस फिरवून साफ केलीत, दोन तास, घाई न करता. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होतात तेव्हाचा हात आहे म्हणालात. तो हात मी बघितला.

बशीसारखी वाकलेली प्लेट आधीपासून थोडा दाब धरून ठेवते. इंजिनाचा जोर आला की आडवे दांडे उतरत्या खाचेवर चढतात आणि सगळा थर आवळतात. हे तुम्ही दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून दाखवलंत. "जेवढा जोर, तेवढी पकड." इतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं.

नव्या प्लेटी यायला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस गाडी तुमच्या शेडमध्ये, जागेचं भाडं तुम्ही घेतलं नाही. प्लेटी आल्यावर रात्रभर तेलात भिजवल्या, बसवल्या मात्र माझ्या हातानं; तुम्ही फक्त बघत होता. क्राउन-पिनियनचा प्ले, म्हणजे दातांमधली ढिलाई, सहा थाऊवर (इंचाच्या सहा हजारांशावर) आणलात. मग एक चाक उचलून, गिअर न्यूट्रलला ठेवून टॉर्क रेंच लावला. आधी जे चाक हातानं फिरत होतं, ते आता ८० फूट-पौंडाला हललं. आनंदानं मी सेल्फ मारायला गेलो तेव्हा तुम्ही मनगट धरलंत. दुसरं चाक जमिनीवर असताना चुकून गिअर पडला असता तर गाडी जॅकवरून उडी मारून अंगावर आली असती. त्या ओरडण्याबद्दलही आभार, मामा.

८०-९० ग्रेडच्या गिअर ऑइलात प्लेटी अडखळू नयेत म्हणून लागणारं अ‍ॅडिटिव्ह टाकून शेडमागं आठाच्या आकड्यात सावकाश वीस फेऱ्या मारायला लावल्यात. कटकट त्या दिवसापासून गेली ती गेलीच.

यंदा मालदांडी ज्वारी चांगली उगवली आहे. जानेवारीत, गड्ड्याची जत्रा झाली की, हुरड्याला मामींना घेऊन यायचं. न्यायला मी जीप घेऊन येतो. ओढा तुम्ही चालवून बघा.

तुमचा,
आण्णांचा धाकटा