गाणी प्रसंगासह ऐकावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील परदेशी संगीतिकांवरील लेखात संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांच्या ‘सनसेट बुलेवार्ड’मधील गाण्यांचे वर्णन ‘जिद्दीची आणि पुनरागमनाची गाणी’ असे केले आहे. ही गाणी मला अतिशय प्रिय आहेत आणि म्हणूनच हे वर्णन खटकले. नॉर्मा डेस्मंड या मूकपटांच्या काळातील, आता विसरल्या गेलेल्या ज्या नटीच्या तोंडी ती आहेत, तिचे पुनरागमन कधीच होत नाही. प्रेक्षकांना त्याची चाहूल आधीच लागलेली असते, तिला मात्र शेवटपर्यंत लागत नाही.

बिली वाइल्डर यांच्या १९५० सालच्या चित्रपटावर आधारलेल्या या संगीतिकेची संहिता आणि गीते डॉन ब्लॅक व ख्रिस्तोफर हॅम्प्टन यांची असून १२ जुलै १९९३ रोजी लंडनच्या अडेल्फी थिएटरमध्ये तिचा शुभारंभाचा प्रयोग झाला. गैरसमजाचे मूळही त्याच वर्षात आहे, असे मला वाटते. पडदा उघडण्यापूर्वीच अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसंड यांनी ‘विथ वन लुक’ आणि ‘अ‍ॅज इफ वी नेव्हर सेड गुडबाय’ ही दोन्ही गाणी आपल्या ध्वनिमुद्रिकेत गाऊन घरोघरी पोहोचवली होती. त्याच डिसेंबरात गायिका डीना कॅरोल यांच्या आवाजातील ‘द परफेक्ट इयर’ हे याच संगीतिकेतले गाणे ब्रिटनमध्ये नववर्षाचे गाणे म्हणून गाजले. रंगमंचावर मात्र हे गाणे नववर्षाच्या पूर्वसंध्येच्या मेजवानीत येते; नॉर्माने थाटात भरवलेल्या त्या मेजवानीला जो गिलिस हा तरुण पटकथालेखक एकटाच पाहुणा असतो, आणि तो निघून गेल्यावर त्याच रात्री ती आपल्या मनगटाच्या शिरा कापून घेते. हे माहीत असल्यावर त्या गोड चालीतला एकेक सूर अंगावर येतो.

‘अ‍ॅज इफ वी नेव्हर सेड गुडबाय’ हे गाणे तर प्रसंगाशिवाय अर्धेच कळते. अनेक वर्षांनी नॉर्मा पॅरामाउंट स्टुडिओत येते, वर दिव्यांपाशी बसलेला एक जुना कामगार तिला ओळखून प्रकाशझोत तिच्यावर वळवतो आणि ती भीत भीत, जवळजवळ बोलल्यासारखी गाऊ लागते. मग हळूहळू आवाज भरतो, वाद्यवृंद चढत जातो आणि ही बाई खरोखरच पुन्हा उभी राहील, असे ऐकणाऱ्यालाही वाटू लागते. पण पुनरागमनासाठी तिने लिहिलेली ‘सालोमे’ या चित्रपटाची संहिता टाकाऊ आहे, हे आपल्याला पहिल्या अंकापासून ठाऊक असते, आणि पुढे याच भेटीत उघड होते की स्टुडिओतून येणारे फोन तिच्यासाठी नसून तिच्या जुन्या मोटारीसाठी होते. संगीत सर्वस्वी तिच्या बाजूने आणि कथा तिच्या विरुद्ध, अशी ही रचना आहे. वेबर यांचे इथले कौशल्य मला त्यांच्या अधिक गाजलेल्या कृतींपेक्षाही मोठे वाटते. हॉलिवूडच्या गर्दीची समूहगीते त्यामानाने सामान्य आहेत, हेही मान्य केले पाहिजे.

दिग्दर्शक जेमी लॉइड यांनी २०२३मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये हीच संगीतिका भव्य जिना आणि वाडा वगळून, जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर केली. नॉर्मा साकारणाऱ्या निकोल शेरझिंगर यांचा चेहरा कॅमेऱ्याने मोठ्या पडद्यावर दाखवला. न्यूयॉर्कमधील प्रयोगासाठी २०२५ साली नाटकाला आणि त्यांनाही अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. आपल्या लेखकाने कॅमेऱ्यांवर दोन परिच्छेद खर्च केले आहेत, पण नेपथ्य काढून घेतल्यावरही नाटक उभे राहते ते गाण्यांच्या बळावर, हा मुद्दा त्यांच्या नजरेतून सुटला.

नाट्यपदे मैफलीत स्वतंत्रपणे ऐकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि त्यात गैर काही नाही. तथापि परदेशी संगीतिकेची ओळख करून देताना गाणे कोण, कुठे आणि कोणत्या भ्रमात गाते, एवढे तरी वाचकाला सांगावे, ही विनंती. लेखमालेच्या पुढील भागात ‘विथ वन लुक’विषयी अशा अंगाने लिहिले जावे: शब्दांची गरजच नाही असे मानणारी मूकपटातील नटी आपला हा अभिमान सांगायला गाण्याचाच आधार घेते, आणि जोचा खून करून भ्रमिष्ट झाल्यावर, पोलीस आणि वार्ताहर समोर उभे असतानाही, शेवटी त्याच गाण्यातली ओळ गाते.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे