साध्या दिवसांची वही

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरी सांभाळून त्या छोट्या वस्तीच्या नोंदी करायला लागलास, फार बरं वाटलं. उत्सवाचं चित्रीकरण झालं, आता पुढे काय, असं विचारलंस. अरे, खरं काम आता सुरू होतंय! उत्सवाचे फोटो सगळेच काढतात. मंगळवारी दुपारी साडेतीनला तिथे कोण काय करत असतं, हे कुणी लिहून ठेवत नाही, आणि आधी नाहीसं होतं ते हेच.

ब्रिटनमध्ये १९३७ साली ‘मास ऑब्झर्वेशन’ नावाचं काम सुरू झालं. दर महिन्याच्या १२ तारखेला दिवसभरात काय काय केलं, ते साध्या माणसांनी लिहून पाठवायचं. त्या मे महिन्यात १२ तारखेलाच राजाचा राज्याभिषेक होता. सगळ्यांचे डोळे मिरवणुकीकडे. यांनी मात्र लोकांच्या सकाळ-संध्याकाळच्या हकिकती जमवल्या. तूही एक तारीख ठरव. दोघातिघांना बोलतं कर. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तू लिहून घे, त्यांच्याच शब्दांत. बोली ‘शुद्ध’ करायला जाऊ नकोस, तेवढं सांभाळ.

मी एका टोपल्या विणणाऱ्या आजींकडे बसायचो. पट्टी पुरेशी भिजली हे कसं कळतं, असं विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत. पट्टी माझ्या कानाशी धरून हळूच वाकवली. बारीकसा चर्र आवाज आला. “अजून कोरडी आहे,” म्हणाल्या आणि पुन्हा पाण्यात टाकली. माझ्या प्रश्नावलीत या आवाजाला जागाच नव्हती. म्हणून सांगतो, विचारण्याआधी नुसता बस. जमलं तर हाताखाली काम कर.

एक चूक मात्र तू करू नकोस. माझ्याकडे एक कॅसेट आहे, वर फक्त तारीख. आतला म्हातारा विहीर खणल्याची हकिकत इतक्या जीव लावून सांगतो, आणि तो कोण हे आज मला आठवत नाही. आवाज राहिला, माणूस हरवला. तेव्हा रेकॉर्डिंग सुरू होताच नाव, जागा, दिवस मोठ्याने बोलून घे. परवानगीही तिथेच विचार, आणि कुणी नंतर ‘हे नको’ म्हणालं तर निमूटपणे काढून टाक. घरातली भांडणं, आजारपणं, देणी आपल्या कानावर विश्वासाने पडतात. प्रती तीन कर. त्यातली एक वस्तीतच ठेव.

ती तिसरी प्रत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. युनेस्कोच्या २००३ सालच्या अमूर्त वारशाच्या, म्हणजे गाणी, चालीरीती, हातची कला अशा वारशाच्या, करारातही वारसा कशाला म्हणायचं, यात त्या समाजाची स्वतःची मान्यता धरली आहे. आपण बाहेरून येऊन यादी करणारे कोण? नोंदी त्यांना वाचून दाखव. “असं नव्हतं, असं होतं,” म्हणत चार जण तावातावाने बोलायला लागतील, तेव्हा वही मिटू नकोस. तेही लिही.

तू ठरवलेल्या पहिल्या तारखेची पानं कच्ची असली तरी पाठव. खाडाखोड तशीच राहू दे.

तुझा,
अविनाश