‘नव्यासारखा’ रणगाडा कशाला हवा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे आणि चिलखती गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. विषय वेगळा होता आणि छायाचित्रेही सुरेख होती. पण लेखाचा एकूण सूर असा, की गंज उडवला, रंग मारला, इंजिन धडधडले की काम फत्ते. ‘कारखान्यातून आत्ताच बाहेर पडल्यासारखा’ ही त्यातली सर्वांत मोठी शाबासकी. आमची हरकत नेमकी तिथेच आहे. याच मंडळींत रंगाच्या छटेवरून, गिअरच्या पोलादावरून, कोणता रणगाडा लवकर पेट घेई यावरून वर्षानुवर्षे जे वाद चालतात, त्यांची उत्तरे त्या गंजाखालीच असतात. ती आधी वाळूच्या फवाऱ्याने (सँडब्लास्टिंगने) उडवायची आणि मग वाद घालत बसायचे, हा उलटा कारभार झाला.

रंगाचेच घ्या. जर्मन वाहनांसाठी फेब्रुवारी १९४३ पासून गडद पिवळा हा मूळ रंग ठरला. रॅल या जर्मन रंगक्रमांक पद्धतीत त्याचा क्रमांक ७०२८. त्याआधी गडद करडा, म्हणजे ७०२१. आता एकाच क्रमांकाचे दोन तुकडे शेजारी ठेवले तर एक मोहरीसारखा आणि दुसरा वाळूसारखा का दिसतो? एक कारण साधे आहे. छद्मावरणाचे रंग आघाडीवर घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून जात आणि तिथे हाताशी असेल त्यात, पेट्रोलमध्ये नाहीतर पाण्यात, पातळ करून फवारले जात. छटा पातळ करणाऱ्याच्या हातावर. ब्रिटिशांकडे एप्रिल १९४४ मध्ये तपकिरी एससीसी २ च्या जागी हिरवट एससीसी १५ आला (एससीसी हे ब्रिटिश रंगांचे प्रमाण क्रमांक). त्यामुळे जून १९४४ मधला क्रॉमवेल हा ब्रिटिश रणगाडा कोणत्या रंगाचा होता हे तक्ता पाहून सांगता येत नाही, त्या विशिष्ट गाडीवरचे थर पाहूनच सांगावे लागते.

थर पाहण्याची रीत फुकटात पडते, तरी तीच टाळली जाते. ऊन-पाऊस न लागलेली जागा शोधावी: ब्रॅकेटखाली, हत्यारांच्या पट्ट्यांमागे, बुरूज फिरतो त्या कड्याच्या आतल्या बाजूला. उघड्यावरचा रंग खडूसारखा पांढुरका होतो आणि अंधारात राहिलेला तेलाचा रंग पिवळा पडतो, म्हणून एकाच जागेवर भरवसा ठेवू नये; चार-पाच जागा घ्याव्यात. नाण्याएवढ्या जागेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल फिरवत उथळ खळगा पाडायचा आणि शेवटी १००० नंबरने कडा साफ करायच्या. खाली उघडे पोलाद, त्याभोवती लाल प्रायमरचे कडे, त्याभोवती पहिला रंग, मग पुढचे, अशी वर्तुळे दिसतात. पट्टी आणि रंगतक्ता शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात छायाचित्र घ्यावे. आणि मुद्दाम सांगतो, कोरडे घासू नये. जुन्या रंगात शिसे असते आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. हे खळगे नव्या रंगाने झाकले तरी चालेल, पण एखादा कुठे आहे ते नोंदवून तसाच ठेवावा.

सप्टेंबर २००० मध्ये एस्टोनियातल्या कुर्तना भागातील तळ्यातून एक टी-३४ बुलडोझरने ओढून काढला. सोव्हिएत बनावटीचा हा रणगाडा जर्मनांनी पकडून स्वतः वापरलेला होता आणि ५६ वर्षे पाण्याखाली राहूनही त्यावरच्या जर्मन खुणा शाबूत होत्या, कारण तळाशी पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा, थर होता आणि त्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. काठावर आणल्याबरोबर कोणी वाळूचा फवारा सोडला असता तर तो हजारो टी-३४ पैकी आणखी एक झाला असता. उलट समुद्रातून काढलेल्या लोखंडाची तऱ्हा निराळी. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर टॉरक्रॉस इथे १९८४ मध्ये वर काढलेला शर्मन हा अमेरिकी रणगाडा उभा आहे, तो १९४४ च्या सरावात बुडालेला. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड गंजाच्या थराखाली पोलादात मुरते. वरून घासून चकचकीत केले, प्रायमर मारला, तरी थोड्याच दिवसांत तपकिरी घामासारखे थेंब फुटतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. सुटे भाग सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवून, द्रावण वारंवार बदलत, क्लोराइड उतरेपर्यंत ठेवता येतात. त्याला महिने लागतात. (ॲल्युमिनियमचा भाग चुकूनही त्यात टाकू नये, सोडा तो खाऊन टाकतो.) अख्खा सांगाडा बुडवायला एवढी टाकी कोण बांधणार? म्हणून तो कोरड्या छपराखाली ठेवणे हाच त्यातला खरा उपाय.

शर्मनच्या ओतीव सांगाड्यावर पुट्टी भरून तो गुळगुळीत करण्याचे कौतुक लेखात आहे. ते वाचून वाईट वाटले. ओतीव पोलादाचा पृष्ठभाग खडबडीतच असतो. त्यावर उठून दिसणारी अक्षरे आणि आकडे म्हणजे ओतशाळेची खूण, भागाचा क्रमांक, काही ठिकाणी ओताचा क्रमांक. वाहनाचा अनुक्रमांक टोइंगच्या कड्यांवर ठोकलेला असतो, आणि नेमका तिथेच रंगाचा जाड थर असतो. बुरूज आणि सांगाडा मूळचे एकमेकांचे आहेत की युद्धानंतरच्या दुरुस्तीत अदलाबदल झाली, हे या खुणा जुळवूनच कळते. रंग काढायचे रसायन लावावे, लाकडी पट्टीने उकरावे, वर खडू आडवा फिरवला की आकडे उठतात. ग्राइंडर दूर ठेवावा.

आता इंजिनाकडे. ‘शर्मनचे इंजिन’ असे लेखात सरसकट म्हटले आहे, पण असे एक इंजिन नव्हतेच. शर्मनचे लष्करी नाव एम४, आणि पुढचे ए१, ए२ हे त्याचे प्रकार. एम४ आणि एम४ए१ मध्ये काँटिनेंटलचे आर-९७५, नऊ सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, विमानातून आलेले. एम४ए२ मध्ये जनरल मोटर्सची दोन डिझेल इंजिने जोडीने. एम४ए३ मध्ये फोर्डचे १८ लिटरचे व्ही-८. एम४ए४ मध्ये तर क्रायस्लरने मोटारीची पाच सहा-सिलिंडर इंजिने एकाच गाभ्याभोवती बसवली, एकूण ३० सिलिंडर. ते मावावे म्हणून सांगाडा ११ इंच लांबवला आणि ट्रॅकच्या, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्याच्या, कड्या एका बाजूला ७९ च्या ८३ झाल्या. जुना ट्रॅक विकत घेताना हा फरक न पाहणारे शेवटी चार कड्यांसाठी वणवण करतात.

आर-९७५ चा घात होतो तो पहिल्याच स्टार्टला. सिलिंडर ताऱ्यासारखे गोल मांडलेले असल्याने उभ्या इंजिनातले तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठते. तेल दाबले जात नाही. स्टार्टरने पिस्टन जोरात वर ढकलला की कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी सिलिंडरच बुडातून सुटतो. रॉड किंचित वाकला तर इंजिन सुरूही होते, आणि तीच खरी फसवणूक, कारण तो पुढे भर वेगात तुटतो. म्हणून मॅग्नेटो (प्लगांना ठिणगी देणारे यंत्र) बंद ठेवून मागून हँडल मारून इंजिन पूर्ण फिरवायचे. हाताला घट्ट अडथळा लागला की थांबायचे, जोर करायचा नाही, उलटे फिरवून वाट काढायची नाही. तसे केले तर तेल इनलेटच्या नळीत जाते आणि सुरू झाल्यावर पुन्हा आत ओढले जाते. खालच्या सिलिंडरांचे प्लग काढावेत, तेल गळू द्यावे, पुन्हा हँडल मारावे. एका सिलिंडरला दोन याप्रमाणे एकूण १८ प्लग असतात. इंजिन कमी फेऱ्यांवर फार वेळ घुमत ठेवले तर त्यांवर तेलकट काजळी बसते, मग ‘मॅग्नेटो गेला’ म्हणून भलताच भाग उघडला जातो.

वर्षानुवर्षे जाम पडलेले इंजिन टो करून फिरवणे हा तर गुन्हाच. प्लग काढून सिलिंडरांत पातळ भेदक तेल सोडावे, काही आठवडे थांबावे, अधूनमधून हाताने हलके डोलवून पाहावे. फिरू लागले तरी लगेच सुरू करू नये: बाहेरच्या पंपाने तेलाच्या वाहिन्यांत तेल ढकलून दाबमापकाचा काटा उठलेला पाहावा, कारण बेअरिंगा कोरड्या असतात. पहिल्या वेळी पेट्रोल मूळ टाकीतून नव्हे, स्वतंत्र छोट्या डब्यातून द्यावे. टाकीतला गंज आणि राळ कार्बुरेटरमध्ये गेली की सगळे पहिल्यापासून. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी डायफ्रॅम आणि नळ्या फुगतात, चिरतात. गळतीवर गरम एक्झॉस्टची ठिणगी पुरते. इंजिनाच्या खोलीत आग विझवण्याची व्यवस्था आधी, स्टार्टर नंतर.

आटे हा दुर्लक्षित विषय आहे. ब्रिटिश वाहनांवर व्हिटवर्थ घराण्याचे आटे, कोन ५५ अंश. अमेरिकी वाहनांवर ६० अंश. अर्ध्या इंची जाड आट्यांत फरक लगेच कळतो, कारण इंचाला एकीकडे १२ तर दुसरीकडे १३. पण तीन-अष्टमांश इंचीत दोन्हीकडे १६ आहेत. अमेरिकी बोल्ट ब्रिटिश भोकात खुशाल जातो, घट्टही बसतो, फक्त कोन न जुळल्याने भार आट्याच्या अरुंद कडेवर येतो आणि कंपनांनी तो सैल होतो किंवा आटेच सोलून येतात. आटेमापक पाती खिशात नसेल तर पाना हातात घेऊ नये.

चालवायचा की जपायचा, हा निर्णय पहिला बोल्ट सोडण्यापूर्वी व्हायला हवा. रबर हे त्याचे मोठे कारण. शर्मनच्या ट्रॅकच्या कडीतली पिन रबरी बुशमध्ये बसते आणि चाकांनाही रबरी धावा असतात. रबर आणि पोलाद यांचा सांधा जुना झाला की एका तीव्र वळणात धाव सालीसारखी सुटून येते. हाफ-ट्रॅकचा (पुढे चाके आणि मागे ट्रॅक असलेल्या गाडीचा) पट्टा तर पोलादी तारा गुंफलेल्या रबराचा. आतल्या तारा गंजल्या की वरून धडधाकट दिसणारा पट्टा अचानक तुटतो.

चालवायचेच असेल तर कसे, याचा उत्तम दाखला इंग्लंडच्या बोव्हिंग्टन रणगाडा संग्रहालयातला जर्मन ‘टायगर १३१’. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला हा रणगाडा १९९० मध्ये दुरुस्तीला घेतला आणि डिसेंबर २००३ मध्ये चालता होऊन परतला. लेखात तो ‘मूळ इंजिनावर’ चालतो असे आहे. ते चूक आहे. त्याचे मूळ २१ लिटरचे मायबाख एचएल२१० पूर्वीच प्रदर्शनासाठी कापले गेले होते, म्हणून संग्रहालयाच्याच टायगर-२ मधले २३ लिटरचे एचएल२३० बसवले. आग विझवणारी आधुनिक यंत्रणाही घातली. पण हे बदल लपवले नाहीत, मूळ इंजिन कापले गेल्याचेही उघड सांगितले. बदललेल्या प्रत्येक भागावर वर्ष ठोकावे आणि काढलेला भाग चिठ्ठी बांधून ठेवावा, एवढेच आमचे मागणे आहे.

ठेवलेला भाग काय सांगू शकतो? युद्धानंतर पँथर हे जर्मन रणगाडे वापरणाऱ्या फ्रेंचांनी १९४७ च्या अहवालात त्याच्या फायनल ड्राइव्हचे (ट्रॅक फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरांच्या जोडणीचे) आयुष्य सरासरी १५० किलोमीटर नोंदवले. दोष पोलादाचा की गिअरच्या घराच्या, म्हणजे बाहेरच्या पोलादी कवचाच्या, लवचीकतेचा, यावर आजही हमरीतुमरी होते. जुन्या गिअरचे दाते पाहावेत. घर लवत असेल तर घासल्याची चकाकी दात्याच्या एका टोकाला सरकलेली दिसते. पोलाद वा त्याचे पाणी देणे कच्चे असेल तर खड्डे दात्याच्या पूर्ण तोंडावर पसरतात. हेच दाते ‘निकामी’ म्हणून भंगारात जातात. शर्मन पेट्रोलमुळे पेटे, हा समजही असाच. टायगर आणि पँथरही पेट्रोलवरच चालत. शर्मनमध्ये खरा धोका ट्रॅकवरच्या बगलेतल्या तोफगोळ्यांचा होता. अमेरिकी सैन्याच्या १९४५ च्या पाहणीत जुन्या मांडणीचे ६० ते ८० टक्के मार लागलेले शर्मन जळाले, तर गोळे तळाशी द्रवाने वेढलेल्या पेट्यांत नेल्यावर १० ते १५ टक्के. त्या पेट्या पुढे अनेक गाड्यांतून कापून काढल्या गेल्या. आता उरलेले वेल्डिंगचे ठसे कोणी घासून साफ करू नयेत.

शेवटची बाब तातडीची. मापकांच्या तबकड्यांवरचा ‘पिवळट पडलेला चमकता रंग घासून नवा भरावा’ असा सल्ला लेखात आहे. त्या काळच्या अशा तबकड्यांवर बहुधा किरणोत्सारी रेडियम असते. चमक गेली म्हणजे रेडियम संपले असे नाही; झिजते ते त्यातले चमकणारे झिंक सल्फाइड, रेडियमचे अर्धायुष्य तर १६०० वर्षे आहे. घासल्यावर उडणारी धूळ श्वासातून गेली की शरीरात, हाडांत जाऊन बसते. काच उघडू नये, तडकलेले मापक जाड पिशवीत बंद करून त्यावर चिठ्ठी लावावी आणि हवा खेळत्या जागी ठेवावे, कारण बंद कपाटात रेडॉन वायू साठतो. चालकाच्या फळीवर बसवायला रेडियम नसलेली नवी तबकडी मिळते. लेख वाचून कोणी पॉलिश पेपर हातात घेण्यापूर्वी एवढी दुरुस्ती तरी येत्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत छापावी, ही विनंती.

आपले नम्र,
जुन्या चिलखती वाहनांचे काही अभ्यासक