आन्स लाझिओच्या त्या दोघा मच्छीमारांचे आभार

सेशेल्समध्ये चार्टर कॅटामरानवर, म्हणजे पाहुण्यांना भाड्याने देतात त्या दोन सांगाड्यांच्या बोटीवर, मी कुक कम डेकहँड आहे, मूळचा मालवणचा. जुलैत तिथे आग्नेयेचा वारा जोरात असतो म्हणून प्रालिन बेटाच्या आन्स लाझिओ किनाऱ्याला आडोशाला नांगर टाकला होता, पण रात्री झोडपून पाऊस आला, वारा फिरला, बोट गरागरा फिरली आणि सकाळी बघतो तर साखळी खालच्या ग्रॅनाइटच्या दगडाला गुंडाळलेली, नांगराची साखळी ओढणारं यंत्र, विंडलास, नुसता कण्हतोय. पाहुण्यांचं संध्याकाळी माहे या मुख्य बेटावरून विमान, म्हणजे मध्ये अजून ४०-४५ किलोमीटर समुद्र, आणि स्कीपर फोनवर फोन करतोय.

तेवढ्यात दोन मच्छीमार होडीतून आले. काही विचारलं नाही, त्यातल्या वयस्कर काकांनी मास्क लावला आणि थेट खाली. वर येऊन हाताने खुणा करायचे, थोडं पुढे घ्या, आता ढील द्या, परत बुडी. असं किती वेळा झालं देव जाणे, पण साखळी सुटली.

एक पाहुणीबाई रात्रभर उलट्या करून गळून गेल्या होत्या. त्यांच्याकडे बघून दुसऱ्याने स्वतःच्या थर्मासमधला गरम गवती चहा कपात ओतून दिला, बिनदुधाचा. त्या घोट घोट पीत बसल्या आणि हा आपला होडीची कड धरून उभा, कप रिकामा होईपर्यंत हललाच नाही.

पैसे घेईनात. आता मच्छीमाराला मासे काय देणार, मग मी डबाभर कांदेपोहे दिले, ते मात्र लगेच खाल्ले! विमान मिळालं हो सगळ्यांना. नावं विचारायची राहिली, दोघांचे खूप खूप आभार.